हजार फुटांवर

रोह्याच्या माझ्या घरमालकांनी जन्मात कधी विमानात पाय ठेवला नव्हता, आणि तरी रोज दुपारी चारच्या सुमारास ते एकशे ऐंशी माणसं घेऊन मुंबईला उतरत. माणसं अर्थात दिसत नसत. विमान संगणकावरचं होतं, खोली तळमजल्यावरची मागच्या दाराशी, आणि खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. पण उड्डाणाला बसताना काका इस्त्रीचा शर्ट घालत. खाली लेंगा सकाळचाच, वर शर्ट इस्त्रीचा. मी एकदा हसले तर म्हणाले, "मॅडम, पायलट कमरेच्या वरच दिसतो." प्रवाशांना तो तेवढाही दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. मीही तेव्हा विमानात बसले नव्हते.

मी धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीच्या लॅबमध्ये नुकती लागले होते. माहेर पेणचं. शिफ्ट सांभाळून रोजची ये-जा झेपेना, म्हणून यांच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. काका धाटावच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झालेले. सगळी नोकरी काट्यांकडे बघण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसतात, नाहीतर सोसायटीत भांडणं लावतात. यांनी भाच्याने अडगळीत टाकलेला संगणक दुरुस्त करून घेतला, त्याला विमान वळवायची एक दांडी आणि इंजिनाच्या दोन लिव्हर जोडल्या आणि पुन्हा काटे बघायला बसले. गोव्याहून निघायचं, मुंबईला उतरायचं. दुसरीकडे कुठे म्हणून जायचे नाहीत. "एकदा खरंच जाऊन या की गोव्याला, विमानाने," असं मी म्हटलं होतं. त्यावर चेहरा असा केला की जणू मी त्यांना बैलगाडीला जुंपायला निघाले होते. "मागे बसून काय करू?" म्हणाले.

त्यांच्या उजव्या हाताला दुसरी खुर्ची असे आणि तिच्यावर काकी. मांडीवर थाळी, थाळीत भिजून मोड आलेले वाल. हात वालाची सालं काढत असत आणि डोळे पडद्यावरच्या एका आकड्यावर. काकी पेणच्या खारेपाटातल्या, मिठागरावर काम करणाऱ्या घरातल्या. शाळा चौथीपर्यंत. काका शाळामास्तरांचे चिरंजीव, घरची थोडी जमीन, त्यामुळे या लग्नापायी मास्तरांनी लेकाला कित्येक वर्षं उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. ते सगळं जुनं झालं होतं. मूलबाळ नव्हतं. काका जगात सगळ्यांना अहो-जाहो करत, दूधवाल्याच्या पोरालासुद्धा, आणि मला पहिल्या दिवसापासून मॅडम. 'गो' म्हणायचे ते फक्त काकींना. "चहा टाक गो," "चष्मा कुठे ठेवलास गो." ते ऐकायला फार बरं वाटायचं.

"विमान उतरवण्यात एवढं काय कठीण आहे?" असं मी सुरुवातीला विचारलं आणि माझी एक सुट्टी त्यात गेली. काकांनी वही काढली. त्या वहीत प्रत्येक उतरणं लिहिलेलं असे, आकड्यांसकट.

"आज वजनाप्रमाणे वेगाचा आकडा येतो एकशे छत्तीस नॉट," ते म्हणाले. "समोरून वारा दहाचा. त्याचे निम्मे पाच मिळवायचे. एकशे एकेचाळीस. आता हा आकडा शेवटपर्यंत जपायचा. कमी झाला तर विमान पडेल. जास्त झाला तर ते जमिनीला टेकायलाच मागत नाय. तरंगत बसतं आणि इकडे धावपट्टी संपते."

"मग जास्त झाला की इंजिन कमी करायचं, कमी झाला की वाढवायचं. झालं."

"सगळे तिथेच मरतात, मॅडम. इंजिनाला सांगितल्यावर ताकद यायला काही सेकंद जातात. तुमच्या रिअ‍ॅक्टरचं काय असतं? थंड पाणी सोडलं की तापमान लगेच उतरतं? नाय उतरत. मग माणूस घाबरतो, आणखी पाणी सोडतो, आणि नंतर सगळं एकदम गार. काटा कुठे आहे ते बघू नका. कुठे चाललाय ते बघा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी पुढे मला दुधाबद्दल, शेजाऱ्याच्या मुलाच्या मार्कांबद्दल आणि माझं लग्न ठरल्यावर मी फोनवर होणाऱ्या नवऱ्याशी ज्या आवाजात बोलायचे त्याबद्दलही ऐकवलं. एकदा आम्ही एसटीने पेणला चाललो होतो. काका ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर. नागोठण्याच्या अलीकडे म्हणाले, "बघा, आता हा ब्रेकवर उभा राहणार. पाय मघाशीच उचलायला हवा होता." तो राहिलाच उभा. दोन-तीनदा असं झाल्यावर ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मग तुम्हीच या ना इथं." काका गंभीरपणे म्हणाले, "मी गाडी चालवत नाही हो." सगळी एसटी हसली आणि यांना कळेना, हसण्यासारखं काय झालं.

पण त्यांचा खरा नियम हजार फुटांचा. जमीन हजार फूट खाली राहिली की सगळं जागच्या जागी हवं. चाकं बाहेर, विमान धावपट्टीच्या रेषेत आणि वेग ठरल्या आकड्याच्या आसपास. तसं नसेल तर उतरायचं नाही. इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. आणि हे सांगायचा मान विमान उडवणाऱ्याचा नसे. तो शेजारच्या खुर्चीचा.

"उडवणाऱ्याला उतरायची घाई झालेली असते," काका म्हणत. "त्याचा काय भरवसा? म्हणून जो नुसता बघतोय त्याने सांगायचं. आणि त्याने सांगितलं की फिरायचं. का, कशाला, विचारायचं नाय. विचारण्यात सेकंद जातात."

काकींना त्यांनी दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. हजार फूट झाले की वेगाचा आकडा मोठ्याने सांगायचा, आणि तो ठरल्यापेक्षा दहाने वर गेला किंवा पाचाने खाली आला की एकच शब्द म्हणायचा, "फिरा."

मी तिथे बसून किती वेळा ते ऐकलं. काकी वालाचं साल काढता काढता म्हणायच्या, "हजार झाला. एकशे चाळीस. बरा हाय." की काका उतरत. आणि एखाद्या दिवशी, "हजार. एकशे त्रेपन. अवो, कुठं पळताय? फिरा." तो शब्द पुरा व्हायच्या आत काकांचा हात लिव्हर पुढे ढकलत असे. मुंबई समोर आलेली, धावपट्टी दिसतेय, एक मिनिटाचं काम राहिलेलं, पण चेहऱ्यावर आठी नाही. पुन्हा सगळी फेरी. काकी म्हणायच्या, "जरा खाडीवरून न्या. आमचा गाव दिसते काय बगते." पडद्यावर पेणच्या खाडीच्या जागी नुसता करड्या-हिरव्या रंगाचा पट्टा दिसे. मिठागरं म्हणून काही चौकोन. त्यातल्या एकाकडे वालाने ओलं झालेलं बोट दाखवून काकी म्हणायच्या, "ता बग गो, आमचा घर." मी होकार द्यायचे.

तो शब्द घरभर चाले, हे मला मोटरच्या दिवशी कळलं. मी पाण्याची मोटर चालू ठेवून झोपले. टाकी भरून वाहिली, पाणी मागच्या खिडकीतून आत गेलं आणि थेट त्या वहीवर. काकांचा जिना चढतानाचा आवाज मी वर ऐकला आणि उठून बसले. आज खोली सोडावी लागणार, असं मला वाटलं. चार पायऱ्या झाल्या असतील. खालून काकींचा आवाज आला, तोच, पडद्यावरचा आकडा सांगतानाचा. "फिरा."

पावलं थांबली. मग खाली उतरत गेली. पंधरा मिनिटांनी काका पुन्हा आले, दार वाजवलं आणि म्हणाले, "मॅडम, मोटर तेवढी आठवणीने बंद करत चला." वही त्यांनी पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली होती. संध्याकाळी काकी मला म्हणाल्या, "मोप वेळा फिरवलाय मी यांना. एकदा पन उलटून बोलले नाय." त्यांच्या बोलण्यात त्या गोष्टीचा अभिमान होता. दागिन्यांचा नव्हता तेवढा.

माघार घेण्याची त्यांना मुळी लाजच नव्हती. आमच्या लॅबमध्ये त्यांच्या जुन्या कंपनीतून आलेले एक गृहस्थ होते, ते सांगत. तापमान वेगाने चढतंय म्हणून काकांनी एका रात्रपाळीत सगळी बॅच थांबवली होती. साहेब फोनवर ओरडत होते, चालू ठेवा म्हणून. बॅच वाया गेली, आणि काकांची बढतीही गेली ती गेलीच. मी काकांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "फिरलो. त्यात काय?"

हे सगळं इतकं सांगायचं कारण असं की असा माणूस आयुष्यात एकदाच फिरला नाही, आणि तो माझ्यामुळे.

काकींच्या पोटात दुखायला लागलं त्या वर्षी पाऊस संपता संपता. मग तपासण्या, मुंबईच्या खेपा, आणि शेवटी डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. काकींना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी काटा कुठे चाललाय ते बघितलं होतं. म्हणाल्या, "आता मना परत तिकडं नेऊ नका. घरीच बरी हाय मी." काका हो म्हणाले. चारचं उड्डाण चालू राहिलं. वाल सोलायची ताकद हातात उरली नव्हती, थाळी नुसती मांडीवर असे. आवाज इतका बारीक झाला होता की काका विमानाचा आवाज बंद करून ठेवत.

एका सकाळी त्यांना श्वास घेता येईना. काका जिन्याखालून हाका मारत होते, "मॅडम, मॅडम." मी खाली गेले तर ते खोलीच्या मध्यभागी नुसते उभे. तीस वर्षं ज्यांनी धोक्याची घंटा ऐकूनही हात कापू दिला नव्हता, त्यांना फोन कुठे ठेवलाय ते आठवेना. गाडी मीच बोलावली. मुंबईला न्यायचं मीच ठरवलं. मागच्या सीटवर काकींचं डोकं माझ्या मांडीवर, पुढे ड्रायव्हरशेजारी काका.

नागोठणं गेलं, वडखळ गेलं. पेणला रामवाडीपाशी कसलातरी लांबलचक ट्रेलर आडवा वळत होता, तिथे गाडी थांबली. काकींनी डोळे उघडले.

"कुठं आलो गो?"

"रामवाडी, काकी. पेण आलं."

त्यांचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांनी मान थोडी वळवली, खिडकीतून काय दिसलं कोण जाणे. मग पुढच्या सीटवरच्या काकांच्या डोक्याकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट, दुपारी चारच्या आवाजात म्हणाल्या, "अवो. फिरा."

काकांचा हात लगेच उठला. त्यांनी तो ड्रायव्हरच्या खांद्यावर ठेवला. ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, "काका, नको. दीड तासाचा तर प्रश्न आहे. तिथे मशीन आहे, ऑक्सिजन आहे. आता फिरलो तर त्या वाटेतच जातील."

त्यांनी मागे वळून बघितलं. काकींकडे नाही, माझ्याकडे. मी शिकलेली, लॅबमधली, मॅडम. त्यांना वाटलं असेल, हिला कळत असेल. त्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. ट्रेलर बाजूला झाला आणि गाडी पुढे गेली. काकी पुन्हा काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात हा शब्द दुसऱ्यांदा म्हणायची वेळच कधी आली नव्हती.

मुंबईत गेल्या गेल्या त्यांच्या तोंडात नळी घातली. तिसऱ्या दिवशी, अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दारापलीकडेच, त्या वारल्या. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडत, आणि गेल्या ती वेळ दुपारची होती. म्हणजे काकांशी त्या शेवटचं जे बोलल्या ते रामवाडीला.

मला लोकांनी समजावलं आहे. नवऱ्याने समजावलं, आईने समजावलं. तू चांगल्यासाठीच बोललीस, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण त्या गाडीत वेग बघणारी एक बाई होती, तिने आयुष्यभर कधी चुकीचा आकडा सांगितला नव्हता, आणि मी मध्ये तोंड घातलं. याला 'चांगल्यासाठी' म्हणता येत नाही.

पंधराएक दिवसांनी दुपारी मी मागच्या दाराने गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पडद्यावर मुंबई होती, धावपट्टी सरळ समोर, आणि काहीच हलत नव्हतं. हजार फुटांवर त्यांनी सगळं थांबवलं होतं आणि ते चहा पीत होते. उजवीकडची खुर्ची रिकामी, तिच्यावर थाळी.

"उतरला नाहीत?"

"वेग बघायला कोणी नाय."

"मी बसू का?"

"तुम्ही शिफ्टवरून आलात. झोपा जा, मॅडम." चहा संपवून त्यांनी संगणक बंद केला. पुढे रोज तेच. एकशे ऐंशी माणसं रोज हजार फुटांवर तशीच ठेवून ते उठत.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी माझ्या मनाने तो मानून घेतला आणि खाली जाणं कमी केलं. वर्षभरात माझं लग्न झालं आणि दैव बघा, सासर रामवाडीतच. आता पेणहून कंपनीची बस सुरू झाली आहे; रोज सकाळी तिच्यासाठी मी जिथे उभी राहते तिथून ते वळण दिसतं. कंपनीतून काकांकडे जायचं म्हणून मी कितीदा ठरवलं आणि कितीदा काही ना काही कारण काढलं. चार वर्षं काढली.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या भाच्याचा फोन आला. काकांना आता एकटं राहणं जमत नाही, पुढच्या आठवड्यात ठाण्याला घेऊन जातोय, तुम्हाला भेटायचं असेल तर भेटून जा. संगणक नेणार का, असं मी विचारलं. तो हसला. "अहो, जागा कुठे आहे?"

रविवारी गेले. काका खूप वाळले होते. शर्ट इस्त्रीचा होता, पण आत माणूस अर्धा उरला होता. विमान हवेत होतं, गोवा मागे पडलेलं. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. बसले असते तर बोलले नसते.

"काका, रामवाडीला मी बोलायला नको होतं."

त्यांनी दांडी थोडी सरळ केली. मग म्हणाले, "तिसऱ्या माणसाचं नियमात काय नाय, मॅडम. सांगणारा एक, उडवणारा एक. तिने सांगितलं होतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तिने बरोबर बघितलं होतं. माझा हात उठलेला. मीच काढला."

त्यांनी उजवीकडच्या खुर्चीवरची थाळी उचलली आणि खाली ठेवली.

"बसा. आज आकडा एकशे एकेचाळीस."

मी बसले. खाडीवरून जाताना त्यांनी विमान किंचित कलतं केलं, त्या करड्या चौकोनांकडे बघितलं आणि सरळ केलं. मग मुंबईची लांबची फेरी, चाकं बाहेर, धावपट्टी समोर. मी आकडा बघत होते. एकशे साठ. एकशे एकोणसाठ. उंची कमी होत चालली होती आणि वेग उतरायचं नाव घेत नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं. हात लिव्हरवर होता आणि हलत नव्हता. म्हातारपण म्हणावं तर बोटं स्थिर होती, डोळे त्याच आकड्यावर होते. आकडा जरा चढला की ज्यांचा हात लिव्हरकडे जाई ते सतरा-अठरा जास्तीचे घेऊन सरळ खाली चालले होते आणि वाट बघत होते. मग मला कळलं की हे मुद्दाम चाललंय.

"हजार," मी म्हणाले. "एकशे अठ्ठावन्न."

ते तसेच खाली चालले.

"काका," मी म्हणाले, "फिरा."

त्यांनी का, कशाला विचारलं नाही. लिव्हर पुढे गेल्या, नाक वर उचललं, चाकं आत आली आणि मुंबई खाली खाली जाऊ लागली. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"फिरलो गो," ते म्हणाले. समोर बघूनच म्हणाले. "बघ, फिरलो."

एरवी फेरी मारून ते पुन्हा धावपट्टीकडे येत. त्या दिवशी त्यांनी विमान दक्षिणेकडे वळवलं आणि तसंच ठेवलं. मी काही विचारलं नाही. पेणची खाडी येईपर्यंत मी त्यांना वेग सांगत राहिले.